अर्ध्या मार्काचा गाभा

गेले दोन-तीन विकांत रिलीजच्या गडबडीत गेले, म्हणून इथे शुकशुकाट होता. या शनिवारी जळगावला ताईकडे गेलो होतो. तिथून डोक्यात जे घेऊन परतलो, ते लिहिल्याशिवाय सोमवार उजाडू द्यायचा नाही असं ठरवलंय. जरा चिडून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

प्रसंग तसा किरकोळ. भाचा आठवीत आहे. भूगोलाच्या चाचणीत एका मार्काचा प्रश्न होता: पृथ्वीचा गाभा कशाचा बनलेला आहे? पोराने लिहिलं, "लोह आणि निकेल, आणि काहीतरी हलकं. ते काय हे अजून नक्की ठरलेलं नाही." मार्क मिळाला अर्धा. दुसऱ्या वाक्यावर लाल रेघ, आणि समासात शेरा: "उत्तर निश्चित असावे."

ताईने पेपर माझ्यासमोर आपटला. "हे तूच सांगितलंस ना त्याला फोनवर? आता भर तो अर्धा मार्क." गुन्हा कबूल. दिवाळीत मीच त्याला तासभर पकवलं होतं. मी म्हटलं, "पण ताई, त्याचं बरोबर आहे." त्यावर ती म्हणाली, "बरोबर असून काय उपयोग? गाइडात नाहीये ना."

आधीच सांगतो, मास्तरांवर माझा राग नाही. साठ पेपर, एक उत्तरसूची, वर निवडणुकीच्या याद्या आणि खिचडीचा हिशोब. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सूचीबाहेरच्या वाक्यावर रेघ मारून मोकळा झालो असतो. मी स्वतः शाळेत "गाभा लोह व निकेलचा, म्हणून त्यास निफे म्हणतात" असं लिहून पूर्ण मार्क घेतलेले आहेत. राग आहे तो त्या शेऱ्यावर. उत्तर निश्चित असावे! म्हणजे जगाला ठाऊक नसलं तरी चालेल, तुमच्या उत्तरात मात्र शंका दिसता कामा नये.

आता मुद्द्यावर येतो. पोराने नेमकं काय लिहिलं होतं आणि ते बरोबर कसं, हे जळगावच्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं, कारण आपल्याकडे सराफ बाजार आहे.

समजा कुणी सराफाकडे एक गोळा आणला आणि म्हणाला, हे चोख सोनं आहे. सराफाने वजन केलं, पाण्यात बुडवून आकारमान काढलं. चोख सोन्याची घनता १९.३. याची आली १७.७ च्या आसपास. सराफ काय म्हणेल? "शेठ, यात खोट आहे. बावीस कॅरेटचा माल दिसतोय." खोट म्हणजे सोन्यात मिसळलेली दुसरी धातू. तांबं असेल, चांदी असेल, दोन्ही असतील. वजनावरून खोट आहे एवढं ठामपणे सांगता येतं. कशाची आहे, ते फक्त वजनावरून सांगता येत नाही.

पृथ्वीचा गाभा हा असाच गोळा आहे. फरक एवढाच की तो काढून कुणी पेढीवर ठेवू शकत नाही. गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर. माणसाने आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरपर्यंत पोचलं. बारा किलोमीटर! म्हणजे जळगावहून भुसावळला निघालो आणि नशिराबादच्या आसपास बस पंक्चर झाली. आणि जायचं होतं कन्याकुमारीच्याही पुढे.

मग वजन कसं केलं? नुसतं वजन नाही, कानही लावला. जुने लोक रुपया दगडावर आपटून ऐकायचे, खणखणीत वाजला तर खरा. भूकंपाच्या लहरी म्हणजे तोच आवाज. लहर कुठल्या खोलीवर किती वेगाने गेली, कुठे वळली, कुठे अडली, यावरून आतल्या मालाची घनता आणि कडकपणा काढता येतो. या कामात आपल्याकडचा एक धागा आहे. रिचर्ड ओल्डहॅम हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातला माणूस. १२ जून १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा त्याने बारीक अभ्यास केला, आणि पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरूनच पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे दाखवून दिलं. १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीजने दाखवलं की गाभा द्रव आहे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमन या बाईंनी दाखवलं की त्या द्रवाच्या आत अजून एक वेगळा गाभा आहे. तो घन निघाला, सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा.

आणि आपला "निफे"? हा शब्द एडुआर्ड सूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाचा, १९०९ सालचा. निकेलचं "नि" आणि लोखंडाच्या लॅटिन नावातलं "फे". शब्द छानच आहे, पाठ करायला सोपा. पण तो आला तेव्हा गाभा द्रव आहे हेही ठरलेलं नव्हतं, आतला गाभा तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. ते उत्तर आम्ही शंभराहून जास्त वर्षं तसंच वापरतोय आणि वर पोरांना सांगतोय की निश्चित लिहा.

तूट कधी दिसली? १९५२ मध्ये. फ्रान्सिस बर्च नावाच्या हार्वर्डच्या भूभौतिकतज्ज्ञाने हिशोब मांडला. लोखंड पृथ्वीच्या पोटातल्या दाबाखाली दाबलं तर त्याची घनता किती व्हायला हवी, आणि भूकंपलहरी किती सांगतात. दोन्ही जुळेनात. बाहेरचा द्रव गाभा चोख लोखंडापेक्षा हलका निघाला. आजच्या हिशोबाने ही तूट साधारण ७ ते १० टक्के. आतला घन गाभाही ३ ते ५ टक्के हलका. निकेलवर ढकलावं तर तेही जमत नाही, कारण निकेल लोखंडापेक्षा किंचित जडच आहे. म्हणजे यात तिसरं कुणीतरी आहे आणि ते हलकं आहे. पोराने लिहिलेलं, लाल रेघ मारलेलं ते वाक्य म्हणजे हेच.

गंमत म्हणजे याच निबंधात बर्चने वाचकाला चिमटा काढून ठेवलाय. त्याने एक छोटी यादी दिली आहे: पृथ्वीच्या पोटाबद्दल लिहिताना साधे शब्दसुद्धा उच्च दाबाखाली बदलतात, तेव्हा वाचताना ते परत मूळ रूपात आणून वाचा. कुणी "निःसंशय" म्हणालं की "कदाचित" समजा, कुणी "ठोस पुरावा" म्हणालं की "अंधुक सूचना" समजा. आणि "शुद्ध लोखंड" म्हणालं की समजा सगळ्या मूलद्रव्यांची अनिश्चित खिचडी. १९५२ साली, ज्याने हा विषय उभा केला तो माणूस हे लिहून गेला. आणि आम्ही पोरांच्या पेपरात "निश्चित असावे" म्हणतो.

बरं, मग ही खोट कशाची? संशयित पाच आहेत. पाचही लोखंडात विरघळणारे आणि विश्वात भरपूर असलेले.

गंधक: सगळ्यात जुना संशयित. लोखंडाशी त्याची घट्ट मैत्री. पण हा उडून जाणारा पदार्थ. पृथ्वी बनताना जेवढा हाती लागला असेल त्याचा हिशोब केला तर गाभ्यात २ टक्क्यांच्या आसपास बसतो. एकट्याने तूट भरत नाही.

सिलिकॉन: पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे गाभ्यावरच्या जाड थरात, सिलिकॉन अपेक्षेपेक्षा थोडं कमी भरतं. ते गाभ्यात गेलं असेल असा तर्क. पण ते घन आणि द्रव लोखंडात जवळजवळ सारखंच मुरतं. मग बाहेरच्या आणि आतल्या गाभ्याच्या हलकेपणात एवढा फरक का, ते त्याच्याने सुटत नाही.

ऑक्सिजन: तो फरक हा सोडवतो. लोखंड गोठताना ऑक्सिजन घन भागात फारसा शिरत नाही, द्रवातच राहतो. पण मग आतला गाभा हलका का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

कार्बन: पोलाद बनवणाऱ्याला सांगायला नको, लोखंडात तो किती सहज जातो. गाभ्यापर्यंत किती पोचला यावर वाद.

हायड्रोजन: हा सगळ्यात चक्रावून टाकणारा. आपल्या वर्कशॉपमधलं लोखंड हायड्रोजनला फारसं जवळ करत नाही. दाब वाढवला की तेच लोखंड त्याला पोटात घेतं. टोकियोच्या गटाने २०२१ मध्ये प्रयोगावरून अंदाज दिला की गाभ्यात वजनाने ०.३ ते ०.६ टक्के हायड्रोजन असू शकतो. ऐकायला चिल्लर वाटतं ना? पाण्यात मोजलं तर आजच्या सगळ्या महासागरांच्या ३० ते ७० पट!

हे प्रयोग करतात कसे? दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये केसापेक्षा बारीक लोखंडाचा कण ठेवायचा, हिरे एकमेकांवर दाबायचे आणि लेझरने तापवायचं. पृथ्वीच्या केंद्राशी दाब आहे आपल्या हवेच्या सुमारे ३६ लाख पट. २०१० मध्ये टोकियोच्याच गटाने लोखंडाचा कण त्याहूनही थोड्या जास्त दाबात आणि ५,००० अंशांपलीकडच्या तापमानात नेला आणि एक्स-रे टाकून त्यातल्या अणूंची मांडणी पाहिली. त्या दाबात लोखंडाची मांडणी आपल्या कढईतल्या लोखंडासारखी राहतच नाही, अणू जास्त घट्ट रचून बसतात. आणि २०२२ मध्ये संगणकावरच्या गणितातून अशी शक्यता पुढे आली की आतल्या गाभ्यात लोखंडाचे अणू जागेवर बसलेले असताना हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन त्यांच्यामधून द्रवासारखे हिंडत असतील. घन आहे आणि वाहतंही आहे! आठवीच्या पोराला यापेक्षा भारी गोष्ट तुम्ही कुठली सांगणार?

इथे नेहमीचे दोन आक्षेप येतात. पहिला: मुलांना गोंधळात टाकू नये, सोपं करून सांगावं. एकदम मान्य. मी काही आठवीला मिश्रधातूंचे आलेख लावा म्हणत नाहीये. पण सोपं करणं वेगळं आणि झाकणं वेगळं. "मुख्यतः लोखंड, थोडं निकेल, आणि काही हलकी मूलद्रव्ये, कोणती किती यावर संशोधन चालू आहे" हे वाक्य अवघड आहे का? यात कळणार नाही असा एक शब्द दाखवा.

आमच्या धंद्यात झाकण्याच्या प्रकाराला नाव आहे. प्रोग्रॅममध्ये एरर आली की ती पकडायची आणि आत काहीच लिहायचं नाही. रिकामा कॅच ब्लॉक. स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं, डेमो झकास होतो, मॅनेजर खूश. आणि आठ महिन्यांनी रात्री दोन वाजता फोन वाजतो. त्या फोनवर मी बसलेलो आहे, म्हणून सांगतो. ज्याने एरर दाबली तो तेव्हा दुसऱ्या कंपनीत मजेत असतो. एरर नुसती लिहून ठेवली असती, "इथे काहीतरी गडबड आहे, नंतर बघा" एवढं जरी, तरी पुढच्याचं कल्याण झालं असतं.

शाळेत दाबलेल्या एररचा फोन कधी वाजतो? आमच्या घरी तो २०२३ च्या जानेवारीत वाजला. पेकिंग विद्यापीठातल्या दोघांचा निबंध आला होता: आतल्या गाभ्याचं फिरणं प्रावरणाच्या तुलनेत २००९ च्या सुमारास जवळजवळ थांबलं आणि मग किंचित मागे पडू लागलं. तुलनेत हा शब्द महत्त्वाचा. भुसावळहून दोन गाड्या शेजारच्या रुळांवरून एकाच दिशेला निघाल्या आणि त्यांची हळू झाली तर आपल्याला ती मागे चाललेली दिसते, तसं. पण बातम्या काय आल्या? पृथ्वीचा गाभा थांबला! आता उलटा फिरणार! पप्पांनी कापसाच्या भावाचा मेसेज पाठवला आणि त्याच्या पाठोपाठ हा. खाली स्वतःचं वाक्य: "तुमचं सायन्स रोज बदलतं. काल एक, आज एक. कशावर विश्वास ठेवायचा?"

मी तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, पप्पांची चूक काय? त्यांना शाळेत विज्ञान दिलं गेलं ते पूर्ण झालेल्या वस्तूसारखं. दुकानातून आणलेली कढई. तिला कधी कुणी हात लावायचा नाही, ती बदलायची नाही. मग एक दिवस कुणी येऊन म्हणालं की कढईच्या आत काय आहे ते आम्हाला अजून पुरतं ठाऊक नाही, तर माणूस म्हणणारच की मला फसवलं होतं. "आम्हाला एवढं कळलंय, एवढं कळायचंय" असं जर आठवीतच ऐकलं असतं, तर बातमी वाचून "अच्छा, अजून थोडं कळलं वाटतं" असं म्हणाले असते. आणि हाच माणूस पुढे लसीबद्दल, बियाण्याबद्दल, हवामानाच्या अंदाजाबद्दल कुणाचं ऐकायचं हे ठरवतो. म्हणून हा अर्धा मार्क मला साधा वाटत नाही.

दुसरा आक्षेप ताईचा, आणि बऱ्याच जणांचा: हे शिकून आपल्या पोराला काय उपयोग? गाभा कुठे, खानदेश कुठे.

तर ऐका. गाभ्याची गोष्ट खानदेशात आभाळातून पडलेली आहे. दोनदा.

जून १८४३ मध्ये खानदेशात मानेगाव इथे उल्केचा दगड पडला. जुन्या नोंदींत जवळचं ठिकाण इदुलाबाद दिलंय, म्हणजे एदलाबाद, आजचं मुक्ताईनगर. आणि नोव्हेंबर १८७७ मध्ये धुळ्याजवळ भागूर नावाच्या जागी दुसरा पडला. दोन्ही जगभरच्या अशनींच्या यादीत नावानिशी आहेत. जपून राहिलेला माल फार थोडा, मुठीत मावेल एवढा. पण नशीब बघा, दोन दगड दोन वेगळ्या जातींचे निघाले.

भागूरचा दगड कॉन्ड्राइट जातीचा, एल ६ गटातला. म्हणजे कधीच पुरता न वितळलेला माल. यात खडक आणि धातूचे कण एकमेकांत मिसळून बसलेले असतात, आणि लोखंड-गंधकाचं खनिजही असतं. एल म्हणजे लोखंड कमी असलेला गट, तरी एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त लोखंडच. ग्रह बनायच्या आधीचा हा कच्चा माल.

मानेगावचा दगड डायोजेनाइट जातीचा. ही जात वेस्टा या मोठ्या लघुग्रहावरून येते असं मानतात. वेस्टा एकदा वितळला, जड लोखंड तळाला बुडालं, वर खडक राहिला. मानेगावचा दगड हा त्या वरच्या खडकाचा तुकडा, त्यात धातूरूप लोखंड जवळजवळ नाही. ते वेस्टाच्या पोटात गेलं. नासाचं डॉन यान २०११-१२ मध्ये वेस्टाभोवती फिरलं तेव्हा त्याच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे ११० किलोमीटर असल्याचं गणितातून आलं.

दोन दगड शेजारी ठेवा. एक गाळण्याच्या आधीचा, एक नंतरचा. पृथ्वीचा गाभाही असाच लोखंड बुडून झाला. फक्त इथे आकार प्रचंड, म्हणून दाब प्रचंड, आणि बुडणाऱ्या लोखंडाने जाता जाता काय काय सोबत नेलं हाच तो न सुटलेला प्रश्न. आपल्या दोन जिल्ह्यांत पडलेल्या दोन दगडांनी अख्खा धडा शिकवता येतो! मी धुळ्याला चार वर्षं इंजिनियरिंग केलं. पारोळा रोडवर चहा पीत बसायचो तेव्हा हाकेच्या अंतरावर हे घडून गेलंय हे मला एकदाही कुणी सांगितलं नाही. जळगावच्या शाळेतही नाही. मला कळलं ते पुण्यात, कंपनीच्या कॅबमध्ये, मोबाइलवर भलतंच काहीतरी शोधताना.

आणि अशनी राहू द्या, ते क्वचित पडतात. पायाखालचा काळा दगड तर रोजचा आहे. दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिला. त्यात लोखंडाची चुंबकीय खनिजं आहेत. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा ती खनिजं टिपून ठेवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात यावर काम झालं. १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे या तिघांनी दख्खनच्या दगडांच्या चुंबकत्वावर निबंध छापला. यातल्या कितीतरी थरांत दिशा आजच्या उलट आहे. म्हणजे तेव्हा होकायंत्र असतं तर उत्तर टोकाने दक्षिण दाखवली असती. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून सरकत इथे आला, याचा पुरावाही याच दगडांत सापडला.

आता धागा जोडून बघा. हे चुंबकीय क्षेत्र तयार होतं बाहेरच्या द्रव गाभ्यात, त्या द्रवाच्या ढवळण्यातून. ढवळतं कोण? ब्रागिन्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं, आणि आज ते सर्वसाधारणपणे मान्य आहे: आतला गाभा हळूहळू गोठत वाढतो. गोठताना हलकी मूलद्रव्यं बाहेर टाकली जातात, ती तळाशी असलेल्या द्रवाला हलकं करतात, आणि तो द्रव वर उसळतो. उष्णतेची मदत आहेच, पण या उसळीचा वाटा मोठा. म्हणजे तुमच्या मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, सूर्याकडून येणाऱ्या कणांपासून थोडा आडोसा मिळतो, अजिंठ्याच्या डोंगरातला काळा पत्थर कोट्यवधी वर्षांपूर्वीची दिशा सांगतो, या सगळ्यामागे ती खोट आहे. मास्तरांनी लाल रेघेने उडवलेलं ते "काहीतरी हलकं". चोख लोखंड-निकेलचा गाभा असता तर हे इंजिन असं चाललंच नसतं. गाइडातल्या उत्तरातून नेमका तोच शब्द गायब आहे जो काम करतो!

आणि अज्ञाताला उत्तरात जागा देणं ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला देवळात शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानांची ती नोंद. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात बीजगणित शिकवण्याची सोय होती. त्या बीजगणितात जी संख्या ठाऊक नाही तिला नाव आहे: यावत्तावत्. जेवढी असेल तेवढी. ती लपवायची नाही, समीकरणात मांडायची, तिच्यासकट हिशोब करायचा, आणि मग सोडवायला बसायचं. पाटणच्या मठात एखाद्या पोराने अज्ञात राशी मांडली म्हणून आचार्यांनी "उत्तर निश्चित असावे" असा शेरा मारला असेल, असं मला काही वाटत नाही. (ह. घ्या.)

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. गाइडवाल्यांनी एक ओळ वाढवावी. उत्तरसूचीत लिहावं की "अजून ठरलेलं नाही" असं नेमक्या जागी लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क. नेमक्या जागी हे महत्त्वाचं. नाहीतर उद्या पोरं पानिपतच्या सनावळीतही "अजून ठरलेलं नाही" लिहून येतील. :-) आणि मानेगाव, भागूर ही दोन नावं जळगाव-धुळ्याच्या मास्तरांनी निदान तोंडी तरी सांगावीत. त्याला कुठल्या समितीची परवानगी लागत नाही.

निघताना भाच्याने विचारलं, "मामा, पुढच्या वेळी काय लिहू? खरं की गाइडातलं?" खरं सांगतो, पटकन उत्तर सुचलं नाही. ताई दारात उभी होती. शेवटी म्हटलं, "आधी गाइडातलं लिही, मार्क घे. खाली एक ओळ सोडून खरंही लिही. रेघ मारली तर मारू दे." हे उत्तर मला स्वतःलाच आवडलेलं नाही. तेरा वर्षांच्या पोराला मी दोन वह्या ठेवायला शिकवून आलो. एक मार्कांची, एक खरी. येताना खानदेश ट्रॅव्हल्सच्या त्या हलत्या सीटवर झोप लागली नाही ती यामुळेच, रस्त्यामुळे नाही.

पुढच्या सुट्टीत त्याला घेऊन पाटणादेवीला जायचं ठरलंय. होकायंत्र मी नेतोय, काळ्या दगडाजवळ धरून सुई हलते का ते बघू. ताईपण येते म्हणाली, पण देवीच्या दर्शनाला. असो. सोमवारी बिल्ड आहे, थांबतो.